अनसूयाबाईंची सुस्ती

चिंचवडच्या आमच्या मुलींच्या शाळेत दुपारी डबे उघडले, की अनसूयाबाई कड यांच्या शेजारच्या शिक्षिका खुर्च्या थोड्या मागं सरकवायच्या. बाईंच्या डब्यात बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि एक अख्खा कांदा असायचा. तो कांदा त्या टेबलावर ठेवायच्या आणि मूठ आपटून फोडायच्या. टेबलावरच्या दौती हलायच्या. एकदा आमच्यातल्या एक बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अहो, मुलींना वर्गात वास येतो."

"बरं मग?" अनसूयाबाई म्हणाल्या. "निम्म्या मुलींच्या घरी हाच वास असतो. शाळा परकी वाटायची नाही त्यांना."

हे 'बरं मग?' त्यांच्या तोंडी सारखं असायचं. कमिटीला आवडणार नाही. बरं मग? लोक नावं ठेवतील. बरं मग? बाईमाणसानं एकटीनं रहाटणीपर्यंत चालत जाऊ नये. बरं मग? हे म्हणताना त्या आवाज चढवत नसत. पुढं काय होईल ते खरोखरच ऐकून घ्यायचंय, अशा थाटानं समोरच्याकडं बघत राहायच्या. मग छत्री उचलून चालू लागायच्या.

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मुलीच काय, गावही त्यांना 'मोठ्या बाई' म्हणायचं. अंगानंही मोठ्या, उंच, रुंद खांद्यांच्या. चाकणजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याची ही मुलगी. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं तेव्हा त्या भांडल्या नाहीत. ट्रंक उचलून माहेरी आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, मला मास्तरीण व्हायचंय. पुण्यात राहून ट्रेनिंग केलं, भाषा शुद्ध केली. पण राग आला की सगळं शुद्ध बोलणं बाजूला पडायचं आणि 'न्हाई', 'हाय', 'व्हय' बाहेर यायचं. त्यामुळं बाई खऱ्या रागावल्यात की नुसत्या दटावतायत, हे मुलींना पहिल्याच वाक्यात कळायचं.

मी लग्न होऊन साताऱ्याकडून इथं आले ती पन्नास सालानंतरची पहिली वर्षं. पिंपरीला कारखाने उभे राहत होते. माझे यजमान त्यातल्याच एकात लागले आणि मी या शाळेत. निर्वासितांच्या छावणीतल्या सिंधी मुली, कामगारांच्या मुली, आसपासच्या खेड्यांतल्या मुली, असा सगळा मेळ होता. खेड्यांतल्या मुली आपोआप येत नसत. मोठ्या बाई त्यांना घरी जाऊन आणायच्या. जाऊन ओट्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, "मी चहा घेणार नाही आणि उठणारही नाही. पोरीचं नाव सांगा, मग जाते." संध्याकाळ व्हायला लागली की घरातल्या बायकाच नवऱ्यांना म्हणायच्या, "सांगा की वो नाव. बाई काय हालत न्हाईत."

एका पावसाळ्यात त्यांना मुदतीचा ताप आला. ताप गेला, पण पूर्वीच्या बाई काही परत आल्या नाहीत, असंच म्हणायला हवं. बसल्या जागी बसून राहायच्या. कधी फळ्याकडं तोंड करून डोळे पुसायच्या. आमच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब हे लाकडाच्या वखारीचे मालक, सज्जन, शाळेवर जीव असलेले गृहस्थ. त्यांनीच बाईंना पुण्यातल्या एका बड्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तपासलं, अशक्तपणा आणि उदासपणा म्हणाले आणि चिठ्ठीवर एक गोळी लिहून दिली. बारीक, पांढरी. सकाळी एक घ्यायची.

त्या गोळीनं जी जादू केली ती मी डोळ्यांनी पाहिली. आठवड्याभरात बाई उठल्या, आणि उठल्या त्या थांबेनातच. शाळा भरायच्या आधी येऊन स्वतः अंगण झाडायच्या. दोन-दोन वर्ग एकदम घ्यायच्या. संध्याकाळी कामगारांच्या बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग काढला. स्नेहसंमेलनासाठी नाटक लिहिलं, बसवलं, त्याचे कपडेही शिवले. बोलायच्या इतक्या भरभर की आम्हाला एका वाक्याला हो म्हणेपर्यंत त्या तिसऱ्यावर गेलेल्या असायच्या. अण्णासाहेब येईल त्याला सांगायचे, "आमच्या बाई म्हणजे वावटळ आहे वावटळ! अशी बाई जिल्ह्यात दाखवा."

डबा मात्र तसाच परत जाऊ लागला. कांदा फुटेनासा झाला. अंगावरचं मांस झडलं, गालाची हाडं वर आली. सगळ्यांनी त्याचंही कौतुकच केलं, बाई किती सडसडीत झाल्या म्हणून.

मग सकाळच्या एका गोळीला दुपारची एक जोडली गेली. डॉक्टरांनीच वाढवून दिली. बाई ओठ चावायला लागल्या; खालच्या ओठाला कायम एक जखम असायची. दात दातांवर घासायच्या, त्याचा आवाज शेजारी बसलं की ऐकू यायचा. आम्ही दोघी-तिघी बोलत उभ्या असलो की लांबूनच विचारायच्या, "काय चाललंय माझ्याबद्दल?" पहिल्यांदा आम्हाला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती.

शेवटी हिराचं प्रकरण झालं. हिरा ही रहाटणीची, सहावीतली मुलगी. बाईंनीच तिच्या घरच्या ओट्यावर बसून तिला शाळेत आणलेलं. एक दिवस बाईंच्या पिशवीतली गोळ्यांची बाटली सापडेना. हिरा खडू आणायला त्यांच्या खोलीत जाऊन आली होती. बाईंनी भर वर्गात तिचं दप्तर उलटं केलं. पाटी फुटली. पोरगी पुनःपुन्हा म्हणत होती, "म्या न्हाई घेतलं, बाई." बाईंनी तिला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. शाळा सुटताना बाटली सापडली. नकाशांच्या कपाटात त्यांनी स्वतःच ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "कुसुम, चल. मला रहाटणीला जायचंय. एकटी गेले तर परत फिरेन."

हिराचे वडील रामभाऊ गोठ्यात होते. बाई अंगणातच उभ्या राहिल्या. हिरा दाराआडून बघत होती, तिला त्यांनी बाहेर बोलावलं आणि शेजारीपाजारी ऐकत असताना स्वच्छ म्हणाल्या, "हिरा, चोरी तू केली नाहीस. बाटली माझ्याच कपाटात होती. मी चुकले. मला माफ कर."

पोरगी रडायला लागली. रामभाऊ हात झटकत पुढं आले.

"माफीचं ऱ्हाऊ द्या बाई. तुमीच आल्ता तवा, पोरगी हुशार हाय म्हनला, म्हून धाडली. पर तुमी आता त्या बाई न्हाईत. तुमी काय तरी खाता, समद्या पोरी सांगत्यात. डोळं बगा की स्वतःचं! जनावर बिथरलं की असं बगतं."

"डॉक्टरचं औषध आहे ते, रामभाऊ."

"असंल. ते सुटंल तवा सांगा. पोरीला म्या स्वतः आनून सोडीन. तवर न्हाई."

परत येताना बाई पवना नदीच्या काठाशी थांबल्या, पिशवीतून बाटली काढली आणि दूर पाण्यात भिरकावली. "झालं," म्हणाल्या. "सुटलं."

इतकं सोपं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शनिवारची शाळा करून मी त्यांच्या खोलीवर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाई भरदुपारी चटईवर पडलेल्या, उशाशी खरकटं ताट. झोपायच्या, उठून मिळेल ते खायच्या, पुन्हा झोपायच्या. मी हाका मारल्या तेव्हा डोळे उघडून बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "कुसुम, आत कुणी नाहीये गं. घर उघडं आहे, माणूस नाहीये." त्यांचं हे बोलणं ऐकून मी घाबरले. त्या बाईंना मी थकलेलं पाहिलं होतं, रडताना पाहिलं होतं, पण असं रिकामं पाहिलं नव्हतं.

नेमका पुढचाच आठवडा बक्षीस समारंभाचा होता. पुण्याहून मोठे पाहुणे यायचे होते. अण्णासाहेब खोलीवर आले, त्यांची अवस्था बघून हबकले आणि म्हणाले, "बाई, एवढा समारंभ पार पाडा. मग खुशाल सोडा." त्यांनी माणूस पाठवून पुण्याहून नवी बाटली आणवली. वाईट हेतूनं नाही. बुडणाऱ्याला हात द्यावा तशी आणवली. बाईंनी घेतली.

समारंभ असा झाला की पाहुण्यांनी भाषणात दोनदा बाईंचं नाव घेतलं. सगळे गेल्यावर बाई पडद्यामागं एका पेटीवर बसल्या होत्या. मी हार घेऊन गेले. त्यांनी तो घेतला नाही. "आजच्या टाळ्या माझ्या नव्हत्या," म्हणाल्या. "आणि माझ्या नसलेल्या टाळ्या घ्यायला मला आवडलं, हे त्याहून वाईट."

मग बाई त्या बड्या डॉक्टरांकडं गेल्या. मी बरोबर होते. डॉक्टर हसतमुख होते. "सोडायचं कशाला? तुम्हाला उपयोग होतोय ना? त्याची काही सवय वगैरे लागत नाही, बाई. तुमची प्रकृतीच मुळात उदास."

"सवय लागत नाही," बाई म्हणाल्या, "तर मग सुटत का नाही?"

"गोळी थांबवल्यावर जे झालं, ते तुमचं मूळचं दुखणं."

"मूळची मी बारा गावं हिंडून पोरी आणत होते, डॉक्टर. तेव्हा तुम्ही मला बघितलं नव्हतं."

डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहून पुढं केली. बाईंनी ती उचलली नाही. बाहेर आल्यावर मात्र जिन्यात कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "पुन्हा आत जाऊन घेऊन येऊ का गं?" त्यांनी विचारलं. मी काही उत्तर द्यायच्या आत स्वतःच खाली उतरू लागल्या.

ज्यांनी त्यांना खरी वाट दाखवली ते डॉक्टर साळवी. लष्करातून निवृत्त झालेले, दिघीला लष्करी हद्दीच्या कडेला छोटा दवाखाना चालवणारे. मूळचे कोकणातले, बोलणं फटकळ. बाटली हातात घेऊन त्यांनी उन्हाकडं धरली आणि म्हणाले, "लढाईत आम्ही ह्याच द्यायचो जवानांना. चालायचे मग दिवसच्या दिवस. पुढं त्यांचं काय झालं ते बघायला कोण होता?" मग बाईंकडं वळले. "पाण्यात फेकलीत काय? शूरपणा झाला तो. शूरपणा नको. हळूहळू उतरायचं. अर्धी, मग पाव, मग बंद. झोप येईल, झोपा. भूक लागेल, जेवा. मन काळं होईल, तेव्हा एकट्या राहू नका. आणि हे दहा दिवसांत संपेल असं कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. महिने जातील."

"पण जाईल?"

"जाईल. पण तुम्हाला वाटेल जात नाही. तसं वाटणं हाही त्याच दुखण्याचा भाग, एवढं लक्षात ठेवा."

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई भावाकडं गेल्या. भाऊ शेती बघणारा, अबोल. त्याची बायको पारूबाई. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईच्या हाती अनसूयाबाईंनी बाटली सोपवली. डॉक्टरांनी सांगितलेला तुकडा सकाळी तिनं द्यायचा; बाटली कुठं ठेवते ते सांगायचं नाही. आणि पहिल्याच दिवशी भाऊ-भावजयीला समोर बसवून बाईंनी आणखी एक सांगितलं, ते मला पारूबाईनंच नंतर सांगितलं. "मला विहिरीवर एकटीला जाऊ देऊ नका. मी भांडले, शिव्या दिल्या तरी नाही. कारण विचारू नका. कारण काहीच नाही, म्हणून तर मला भीती वाटते." भावानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाचं ठिकाणच बदललं. सुट्टीभर तो विहिरीजवळच्या वावरातच काही ना काही करत राहिला.

मी एकदा जाऊन आले. कांद्याच्या वखारीत सावलीला बाई गोणपाटावर झोपल्या होत्या. अंग पुन्हा भरलं होतं, सुजल्यासारखं. पारूबाई कांदे निवडत बसली होती, ती हलक्या आवाजात सांगू लागली.

"वन्सं उठत्यात, खात्यात, रडत्यात, परत निजत्यात. लेकराला समजवावं तसं समजवतो. गोळी मागत न्हाईत हो. येकदाच मागितली. म्या न्हाई म्हनलं तर तांब्या फेकून मारला. ह्यो बगा वळ. आन् मग माजंच पाय धरलं. म्या म्हनलं, वन्सं, तांब्या फेका, पर पाय नगा धरू."

बाई जाग्या झाल्या. मला बघून उठून बसल्या, केस सारखे केले. "बघ," म्हणाल्या, "तुमची वावटळ. कशी पडलीये." आणि मग कांदे निवडणाऱ्या पारूबाईकडं बघत म्हणाल्या, "पण आज पाव तुकडा आहे, कुसुम. अर्धा होता, तो पाव झाला. मी कुणाच्या बापाला ऐकायची न्हाई."

ते 'न्हाई' ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा गोळी पूर्ण सुटली होती. सुस्ती मात्र सुटली नव्हती. बाई सावकाश चालत, सावकाश बोलत. वाक्य मध्येच थांबे आणि आम्ही वाट बघत राहू. दुपारच्या सुट्टीत भाकरी खाऊन त्या बाकावर आडव्या व्हायच्या आणि घंटा झाली की एखाद्या मुलीला हलवून उठवायला सांगून ठेवायच्या. लपूनछपून काही नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगायच्या, "औषध सुटलंय. त्याची झोप वसूल होतीये."

लोकांना हे पचेना. दारू सोडली तर लोक शाबासकी देतात. डॉक्टरनं दिलेलं, कामाला हुशारी आणणारं औषध ही बाई का सोडते, हे कुणाला कळत नव्हतं. साक्षरतेचा वर्ग बंद पडला. संमेलनाचं नाव कुणी काढेना. एक दिवस अण्णासाहेब शाळेत आले. मी वह्या तपासत बाजूला बसले होते.

"बाई, स्पष्ट बोलतो," ते म्हणाले. "राग मानू नका. त्या औषधानं तुमचं काय वाईट झालं? थोडं कमी प्रमाणात का होईना, पुन्हा सुरू करा. शाळेला गेल्या वर्षीच्या बाई हव्या आहेत."

बाईंनी सावकाश वर बघितलं. "अण्णासाहेब, गेल्या वर्षीची बाई नव्हतीच. ती गोळी होती. तुम्हाला ती हवी असेल, तर गोळीला नेमणूक द्या. बसवा तिला ह्या खुर्चीत."

"तसं नव्हे हो…"

"तसंच हाय. त्या गोळीनं पोरीचं दप्तर उलटं केलं. तुमाला नाटक दिसलं, मला ती फुटकी पाटी दिसती. म्या अशीच हाय आता. जाडी, झोपाळू. चालत असंल तर चालवा."

अण्णासाहेब टोपी सारखी करत निघून गेले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांना खरंच दुःख झालं होतं.

श्रावणात तपासणीला इन्स्पेक्टर आले, न कळवता. बाईंच्या वर्गात मुली गणितं सोडवत होत्या आणि बाई खुर्चीत झोपल्या होत्या. साहेबांच्या बुटांच्या आवाजानं मुली उभ्या राहिल्या, त्या गडबडीनं बाईंना जाग आली. दुसरं कुणी असतं तर डोकं दुखतंय म्हणालं असतं. बाई उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मी झोपले होते. एका औषधातून बाहेर पडतेय, त्यामुळं झोप आवरत नाही. हा माझा दोष आहे, मुलींचा नाही. वर्गाची परीक्षा घ्या."

साहेबांनी घेतली. काही मुलींना आलं, बऱ्याच जणींना आलं नाही. शेऱ्यात काय लिहायचं ते त्यांनी लिहिलं.

कमिटीची बैठक शाळेतच भरली. आम्ही शिक्षिका शेजारच्या वर्गात बसलो होतो. मधल्या फळीच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी म्हणालं, बाईंनी राजीनामा द्यावा, संस्थेची अब्रू राहील.

"राजीनामा देणार नाही," बाईंचा आवाज आला.

"मग आम्हाला काढावं लागेल."

"काढा. कारण मात्र खरं लिहा. बाई आजारी पडली म्हणून नव्हे. आजारी होते तेव्हा तुम्ही मला हार घातले. बाई बरी व्हायला लागली म्हणून काढली, असं लिहा."

मग कुजबुज, खुर्च्यांचे आवाज. शेवटी अण्णासाहेबांनीच तोडगा काढला. मुख्याध्यापिकेची जागा दुसऱ्या बाईंना द्यायची आणि अनसूयाबाईंनी बिगरीचा वर्ग घ्यायचा. म्हणजे अगदी लहान मुलांचा, पाटीवर रेघोट्या ओढणाऱ्यांचा; त्या एका वर्गात मुलगेही घेत. हा अपमान होता, आणि तो अपमान आहे हे सगळ्यांना कळत होतं.

"बरं मग?" बाई म्हणाल्या. "उद्यापासून घेते."

आणि घेतला. मोठ्या बाईंच्या बिगरीच्या बाई झाल्या. पहिले काही दिवस आम्हालाच त्यांच्याकडं बघवेना. पण बिगरीची मुलं आणि बाई यांची चाल एकच होती. त्या पोरांनाही दुपारी झोप यायची, त्यांनाही एक गोष्ट दहा वेळा सांगावी लागायची, त्यांचंही वाक्य मध्येच हरवायचं. बाई थांबायच्या, ती पोरं पण थांबायची. एकदा एका चिमुरडीनं घरच्या मांजरीनं दुधात कसं तोंड घातलं आणि आजीनं चुकून आजोबांनाच कसं बदडलं, हे हातवारे करून सांगितलं. वर्गातून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. आम्ही सगळ्या आपापल्या वर्गांच्या दारात आलो. कितीतरी महिन्यांनी बाई हसत होत्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खांबाला धरून. मला बघून हातानं खूण केली, काही नाही, जा. मग मधल्या सुट्टीत मला गाठून म्हणाल्या, "मी हसायचं ठरवलं नव्हतं गं. आपोआप झालं." एवढं सांगून त्या नळावर तोंड धुवायला गेल्या.

दिवाळीनंतर एका सकाळी रामभाऊ हिराला घेऊन शाळेच्या फाटकात उभे राहिले. पोरीचं वर्ष बुडालं होतं. ते नव्या मुख्याध्यापिकांकडं गेले नाहीत; सरळ बिगरीच्या वर्गात आले. बाईंनी उठून जवळ येऊन डोळे मोठे केले. "बघा रामभाऊ. बिथरलेत का अजून?"

रामभाऊ ओशाळले. "न्हाई बाई. पर दमल्याल्या दिसता."

"व्हय. दमलेय. ते राहील थोडं."

ते थोडं राहिलंच. त्या पुन्हा कधी वावटळ झाल्या नाहीत. आजाराआधी होत्या तशाही पूर्णपणे झाल्या नाहीत; दुपारची झोप आणि बोलताना मध्येच पडणारा तो खंड कायम राहिला. खेड्यांत जायला लागल्या पुन्हा, पण एका दिवसात एकच घर. नव्यानं आलेल्या कुणी शिक्षिका त्या वर्षीच्या संमेलनाच्या आठवणी ऐकून हळहळल्या, 'पूर्वी काय काम करायच्या म्हणे बाई!', की अनसूयाबाई शांतपणे म्हणायच्या, "ते काम झालं खरं. करणारी मी नव्हते. मी आत्ता करतेय तेवढं माझं." यात दुःख नव्हतं आणि प्रौढीही नव्हती. अंगाला बसणारं लुगडं दाखवावं तसं त्या सांगायच्या.

पुढं माझ्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही चिंचवड सोडलं. जायच्या दिवशी सामान घेऊन आम्ही टांग्यानं स्टेशनकडं निघालो होतो. मुंबई-पुणे रस्त्यावर टांगा थांबला. पुढं काहीतरी अडलं होतं. मान बाहेर काढून बघितलं तर रस्त्याच्या मधोमध अनसूयाबाई होत्या. बिगरीची पोरं एकमेकांचे सदरे धरून त्यांच्या मागं रांगेनं रस्ता ओलांडत होती. तळ्यावर कमळं दाखवायला नेली असावीत, सगळ्यांचे पाय चिखलानं माखलेले. एका पोराची चड्डी सुटत होती म्हणून ते थांबलं होतं, आणि ते थांबलं म्हणून सगळी रांग थांबली होती. समोर कारखान्याचा माल भरलेला ट्रक घरघरत उभा होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मग दुसऱ्यांदा, लांबवून. मग खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "ओ बाई! उरका की! माल पोचवायचाय!"

मी हाक मारणार होते, पण मारली नाही. बाईंनी ट्रककडं वळून बघितलं, एक हात वर केला आणि तसाच ठेवला. दुसऱ्या हातानं वाकून त्या पोराची नाडी बांधायला लागल्या. सावकाश. एकदा बांधली ती सुटली, म्हणून पुन्हा बांधली. ड्रायव्हर काही वेळ बघत राहिला, आणि मग त्यानं इंजिन बंद केलं.